उतारावरचे सहा बार

मागच्या महिन्यात एक तरुण माझं घर शोधत वरवे बुद्रुकला आला. मी अंगणात भुईमुगाच्या शेंगा पसरत होतो. गाडी एवढी रुंद की आमच्या फाटकातून आत येईना, म्हणून त्यानं ती रस्त्यावरच लावली. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की इथं एक म्हातारे मिस्तरी आहेत, गाडीचं मिक्श्चर त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. मला बरं वाटलं. हात धुऊन बाहेर आलो. त्याची तक्रार अशी की, रेस सोडली की त्याच्या मित्राच्या सायलेन्सरमधून फट् फट् असे बार निघतात आणि याच्या गाडीतून काहीच निघत नाही. तेवढे बार काढून द्या, म्हणाला.

मी तेहेतीस वर्षं नसरापुरात गॅरेज चालवलं. त्यातली निम्मी तरी हाच आवाज बंद करण्यात गेली असतील. लोक तोंड पाडून यायचे, जणू घरातल्या माणसाची तक्रार सांगताहेत अशा हलक्या आवाजात सांगायचे की गाडी बार काढते. आणि हा पोरगा तोच आजार आपल्या गाडीला व्हावा म्हणून दारोदार फिरत होता. मी त्याला म्हणालो, तुमच्या या गाडीत कार्बोरेटर नाही, कॉम्प्युटर आहे, आणि माझा स्क्रू-ड्रायव्हर कॉम्प्युटरात जात नाही. तो मूठभर शेंगा खाऊन गेला. पण त्याच्यामुळं मला कोंडिबा आठवला, आणि कोंडिबा आठवला की मला लिहून मोकळं व्हावंसं वाटतं.

ज्यांनी गाडीला फक्त किक मारली आहे त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात हवा मिसळावी लागते. ते काम कार्बोरेटर करतो. पेट्रोल जास्त झालं तर गाडी काळा धूर सोडते आणि प्लग काजळतो. कमी झालं तर गाडी तापते, धक्के देते आणि उतारावर बार काढते. या दोन्हीच्या मध्ये एक जागा असते, ती एका बारक्या स्क्रूच्या पाव आट्यात असते. पाव आटा म्हणजे घड्याळाचा काटा बारावरून तीनवर जाईल एवढं फिरवणं. माझं सगळं आयुष्य त्या बारा ते तीनच्या मध्ये गेलं.

आता बार का निघतात ते. आपल्या आया चूल पेटवायच्या ते आठवा. ओलं सरपण धुमसत असतं, धूर कोंडलेला असतो, आणि फुंकणीनं जोरात फुंकलं की एकदम भप्प करून जाळ उठतो. कधीकधी फुंकणाऱ्याच्या भुवया जातात. गाडीचंही तसंच. उतारावर रेस सोडली की इंजिनाला जाणारं मिक्श्चर इतकं पातळ होतं की ते आत नीट पेटतच नाही. न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरमध्ये उतरतं. सायलेन्सर आधीच तापलेला. त्यात इंजिन आणि सायलेन्सरच्या जोडावरचं पॅकिंग जळलेलं असलं, की त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरते. ही झाली फुंकर. पुढचं भप्प आपण रस्त्यावर ऐकतो.

हा आवाज सगळ्यांनाच नको असतो असंही नाही. सारोळ्याच्या बाजूच्या एका शाळेचे हेडमास्तर माझ्याकडं यायचे. शाळेच्या अलीकडं थोडा उतार होता, तिथं त्यांची गाडी रोज दोन बार काढायची. मी अर्ध्या तासात ते बंद केले. आठवड्यानं त्याच शाळेतले एक गुरुजी आले. गाडी नव्हतीच बरोबर. पावसापाण्याचं बोलले, माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि मग हळूच विचारलं, की हेडमास्तरांच्या गाडीचा आवाज पूर्वीसारखा करता येईल का. तो आवाज ऐकला की सगळी शाळा, मास्तर मंडळींसकट, जागेवर बसायची. आता हेडमास्तर थेट दारातच उभे दिसतात. मी त्यांना जरा ऐटीत सांगितलं की बिघाड काढणं हा माझा धंदा आहे, घालणं नव्हे.

या ऐटीचं पुढं काय झालं ते आता सांगतो.

कोंडिबाची हकीकत सात-आठ वर्षांपूर्वीची. वेल्ह्याच्या डोंगरात, पानशेतच्या बाजूला उतरणाऱ्या अंगाला धनगरांची नऊ-दहा घरांची वाडी आहे. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच नांदताहेत. कोंडिबा तिथला. पन्नाशीचा, काटक, बोलायला कमी. सगळ्या वाडीचं दूध दोन मोठ्या किटल्यांत भरायचं, त्या मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या आणि सकाळी साडेसहाला निघून, आधी थोडा चढ चढून मग घाट उतरून पानशेतच्या हॉटेलांना घालायचं, हे त्याचं काम. त्याची बहीण आमच्या वरव्यात दिलेली. तिच्याकडं आला की गाडी माझ्या गॅरेजात सोडायचा आणि चालत तिच्या घरी जायचा.

एकदा म्हणाला, गाडी पेट्रोल लई पिते. मी प्लग काढून बघितला. थोडा काळा होता. मी मिक्श्चरचा स्क्रू अर्धा आटा आत घेतला. तेवढ्यानं भागलं असतं. पण गिऱ्हाइकाला फरक चांगला जाणवला पाहिजे, त्यानं चार लोकांत सांगितलं पाहिजे, म्हणून मी वर आणखी पाव आटा घेतला. तो पाव आटा गाडीच्या गरजेचा नव्हता, माझ्या फुशारकीचा होता.

महिन्यानं कोंडिबा परत आला. ॲव्हरेज वाढलंय म्हणाला. मग थोडा वेळ खाली बघून म्हणाला, "पर मिस्तरी, गाडी उताराला बार काढती."

मी गाडी घेऊन नसरापूरच्या रस्त्यावर चक्कर मारली. रस्ता ताटासारखा सपाट. गाडी गुणी लेकरासारखी चालली. मी परत येऊन सांगितलं की काही नाही, कचरा आला असेल, गेला आता. तो बरं म्हणून गेला. पुन्हा आला. पुन्हा मी चक्कर मारली, पुन्हा काही नाही. त्या वेळी मी एअर फिल्टर झटकला आणि चेनला तेल दिलं. या दोन्हींचा बारशी काडीचा संबंध नाही, पण गिऱ्हाइकाला काहीतरी केलेलं दिसावं लागतं. तिसऱ्या वेळी त्यानं जरा सविस्तर सांगितलं. वाटेवरच्या घरची म्हैस आवाजानं बिचकते आणि पान्हा चोरते, त्या घरचे लोक बोलत नाहीत. बायको गाडीवर बसत नाही, ती घाट चालत उतरते आणि खाली आल्यावर मागं बसते. हे ऐकूनही मी त्याला म्हणालो की उताराला कानात वारा भरतो, त्यानं आवाज मोठा वाटतो.

"आसंल," कोंडिबा म्हणाला, आणि गेला.

त्यातल्या एका खेपेला जरी मी म्हणालो असतो की चला, तुमचा उतार बघू, तर पुढचं काही घडलं नसतं. पण गिऱ्हाईक गॅरेजला येतं, मिस्तरी उताराकडं जात नाही, असा माझा तेव्हा रुबाब होता.

वाडीच्या समोरच्या टेकाडावर पुण्याच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी बंगला बांधला होता. त्यांना सगळे काका म्हणत. उंचीनं बेताचे, रुंदीनं भरपूर. त्यांना पक्ष्यांचा नाद. रोज पहाटे उठून वहीत लिहायचे, कोणता पक्षी, किती वाजता, किती वेळा ओरडला. त्या वहीत एक दिवस वेगळीच नोंद सुरू झाली. सोमवार, सहा पन्नास, गोळीबार, चार फैरी. मंगळवार, सहा बावन्न, पाच फैरी. बुधवारी फैरी नाहीत. कोंडिबा त्या बुधवारी बहिणीकडं आला होता, दूध दुसऱ्या कुणी नेलं होतं. काकांनी त्यावरून शिकारी बुधवारी सुट्टी घेतो असा निष्कर्ष काढला. त्यांनी मोबाईलवर आवाजही टिपला. नऊ मिनिटं वारा आणि मध्ये एक फट्. माणूस वाईट नव्हता. जंगलात कुणी भेकरं मारत असेल तर आपण गप्प बसायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी वनखात्याकडं लेखी तक्रार दिली.

मग एक वनरक्षक आला आणि दोन दिवस सकाळी करवंदीच्या जाळीत बसून राहिला. दोन्ही दिवस वळणापलीकडं बार झाले, डोंगरात घुमले, आणि दोन्ही दिवस वळणावरून फक्त कोंडिबा आला. दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी अडवली. बंदूक कुठंय म्हणून विचारलं. कोंडिबा म्हणाला, गाडी वाजते. वनरक्षकानं आधी किटल्या उतरवून घेतल्या, त्यांत काठी घालून तळापर्यंत ढवळून बघितलं. दुधाशिवाय काही निघालं नाही. मग म्हणाला, वाजवून दाखव. कोंडिबानं गाडी दोनदा खालीवर केली. एकही बार निघाला नाही.

झालं. किटल्या वनखात्याच्या कार्यालयात जमा झाल्या. त्यात भर म्हणजे कोंडिबाच्या आज्याकडं एके काळी ठासणीची बंदूक होती, आणि ही गोष्ट वाडीतले लोक आल्यागेल्याला मोठ्या अभिमानानं सांगत आले होते. आता तोच अभिमान वनरक्षकाच्या कागदावर चढला. पानशेतच्या हॉटेलवाल्यांनी सध्या दूध आणू नका म्हणून निरोप पाठवला. सगळ्या वाडीचं दूध घरोघरी चुलीवर आटायला लागलं. शेजारची पोरंसोरं कोंडिबाला बघून हातानं बंदूक करून दाखवायला लागली.

बुधवारी तो माझ्याकडं आला. गॅरेजच्या पायरीवर बसला, पाणीसुद्धा प्याला नाही. म्हणाला, "शुक्रवारी वनखात्याच्या मोठ्या मॅडम सोता येनार हायेत. तुमी येऊन सांगा, आवाज गाडीचा हाय. तुमचं ऐकतील."

त्यानं मला एका शब्दानंही म्हटलं नाही, की तीन वेळा गाडी तुमच्याकडं आणली होती.

गुरुवारी मी गॅरेज बंद ठेवलं, हत्यारांची पिशवी घेतली आणि त्याच्याबरोबर वाडीवर गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा रस्ता बघितला. वाडीवर पोचल्यावर मी म्हणालो, मी चालवतो, तुम्ही मागं बसा. पहिल्या वळणाच्या अलीकडं मी रेस सोडली आणि माझ्या ढुंगणाखाली कुणी सुतळी बॉम्ब लावावा तसा आवाज झाला. मी हँडलच सोडणार होतो. मग आणखी एक, आणखी दोन. दरीतून प्रत्येक बार परत यायचा, त्यामुळं एकाचे दोन वाटायचे. खाली पोचेपर्यंत मला सगळं कळलं. असा लांब उतार, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, रेस पूर्ण बंद, आणि वरचा माझा पाव आटा. नसरापूरच्या सपाट रस्त्यावर मी हे जन्मात पकडू शकलो नसतो.

परत वर येऊन मी कोंडिबाच्या अंगणात पोतं अंथरलं आणि कामाला बसलो. जोडावरचं पॅकिंग एका बाजूनं जळून खपली झालं होतं. काढून भिरकावलं, पिशवीतलं नवं बसवलं. कार्बोरेटर खोलून जेट, म्हणजे पेट्रोल येतं ते बारीक भोक, साफ केला. मिक्श्चरचा स्क्रू बाहेर घेतला, प्लगचा रंग कॉफीसारखा येईपर्यंत दोन-तीनदा खालीवर करून बघितलं. अर्धी वाडी गोळा झाली होती. शेवटी आम्ही दोघं पुन्हा घाट उतरलो. एक बार नाही. इंजिनाची नुसती घूं आणि झाडीत बुलबुल. मागं बसलेला कोंडिबा हसत होता, ते मला त्याच्या पोटाच्या हालचालीवरून कळत होतं. माझी छाती फुगली होती. आम्ही वर आलो ते लढाई मारून आल्यासारखे.

कोंडिबाची बायको, ठकाबाई, उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिनं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"गाडी लई ग्वाड झाली," ती म्हणाली. "मग उद्या मॅडमला काय ऐकवायचं?"

मी पिशवी आवरत होतो, ती पुन्हा खाली ठेवली.

बिघाड काढायला मला तेहेतीस वर्षांत कधी एवढा घाम आला नाही जेवढा दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत घालायला आला. स्क्रू आत घेणं सोपं होतं. पण जळकं पॅकिंग कुठं भिरकावलं ते मला आठवेना. सगळी वाडी शोधायला लागली. उकिरडा उपसला, कोंबड्यांच्या खुराड्यात हात घालून झाले. शेवटी ते गोवऱ्यांच्या रचलेल्या उडव्यामागं सापडलं. मी ते रुमालानं पुसलं आणि नव्याच्या जागी मोठ्या काळजीनं बसवलं. सारोळ्याच्या त्या गुरुजींनी मला त्या वेळी बघायला हवं होतं.

दहाच्या सुमाराला मॅडम आल्या. तिशीच्या असतील. कमी बोलणाऱ्या, सगळं नीट ऐकून घेणाऱ्या. बरोबर तो वनरक्षक, आणि गळ्यात दुर्बीण अडकवून, वही घेऊन काका. मी मॅडमना चुलीचं उदाहरण देऊन सगळं समजावलं. त्यांना ते पटल्यासारखं दिसलं. त्या म्हणाल्या, दाखवा. आम्ही सगळे दुसऱ्या वळणावर उभे राहिलो आणि कोंडिबानं वरून गाडी सोडली.

गाडी आमच्या समोरून आली आणि गेली. आवाज नाही.

पुन्हा वर, पुन्हा खाली. नाही. मी स्क्रू आणखी आत घेतला. आता गाडी दोनदा बंद पडली, पण बार निघेना. काका मॅडमना म्हणाले की साहजिक आहे, आज सगळी मंडळी इथंच उभी आहेत, तर गोळ्या कोण झाडणार. वनरक्षकानं मान डोलावली. कोंडिबा गाडीशेजारी उभा होता, त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी गुडघ्यावर बसून, जन्मभर जिला गप्प बस म्हणालो तिला मनातल्या मनात बोल गं बाई म्हणत होतो.

मॅडमनी विचारलं, "मिस्तरी, तुमची खात्री आहे ना?"

आहे म्हणालो, पण माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. कोंडिबा माझ्याकडं बघत होता. माझी अब्रू गेली तर जाऊ दे, पण हा माणूस केसमध्ये अडकणार होता आणि तेही माझ्या पाव आट्यापायी.

तेव्हा ठकाबाई, जी इतका वेळ बांधावर बसून होती, ती उठून पुढं आली. मॅडमकडं बघून नव्हे, माझ्याकडं बघून बोलली.

"रिकामी न्हाई वाजत ती. किटल्या भरलेल्या असल्या की वाजती. न्हाईतर म्या मागं बसले की वाजती. म्हून तर म्या चालत उतरती."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. अगदी बरोबर होतं. ओझं घेऊन चढ चढताना इंजिन राबतं आणि सायलेन्सर खरा तापतो. उतरताना तेच ओझं गाडीला मागून ढकलतं, मग चालवणारा खालच्या गिअरमध्ये रेस बंद करून इंजिनानंच गाडी आवरून धरतो. काल मागं कोंडिबा बसला होता म्हणून वाजली. वनरक्षकानं किटल्या उतरवल्या म्हणून त्या दिवशी वाजली नाही. एवढं सगळं माझ्यासमोर पडलेलं होतं आणि ते बघितलं होतं त्या बाईनं, जिनं कधी स्क्रू-ड्रायव्हर हातात धरला नव्हता.

मी मॅडमना सांगितलं की मागं ओझं पाहिजे. किटल्या तर कार्यालयात जमा. ठकाबाई घरचीच, त्यामुळं साक्षीला चालणार नाही असं वनरक्षक म्हणाला. वनरक्षक स्वतः बांबूसारखा, मी त्याच्याहून बारीक. मॅडमनी विचारलं, साधारण किती किलो लागेल. मी म्हणालो, दोन भरलेल्या किटल्यांइतकं, म्हणजे ऐंशी-नव्वद तरी.

सगळ्यांची नजर हळूहळू एकाच दिशेला गेली.

काकांनी आधी मागं वळून बघितलं, मागं कुणी आहे का. मग त्यांच्या लक्षात आलं. मला वाटलं चिडतील. पण नाही. त्यांनी दुर्बीण काढून वनरक्षकाकडं दिली, वही मात्र काखेत धरली आणि म्हणाले, सत्य शोधायचं तर बसलं पाहिजे. कोंडिबानं त्यांना दोन हातांनी आधार देऊन बसवलं. गाडी एवढी खाली दबली की मला मागच्या चाकाची काळजी वाटली. मी सांगितलं, आधी पार वरपर्यंत चढवा, मग उतरवा. गाडी कण्हत कण्हत वर गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

आम्ही वाट बघत राहिलो. मग वरून पहिला बार आला, असा की समोरच्या झाडावरचे सगळे पक्षी उडाले. मॅडम दचकल्या. मग दुसरा, तिसरा. वळणावरून गाडी आली तेव्हा काकांचे डोळे घट्ट मिटलेले होते, दोन्ही हातांनी त्यांनी कोंडिबाच्या कमरेला मिठी मारली होती, आणि त्यांची टोपी कुठल्या कुठं गेली होती. आमच्यासमोर येईपर्यंत शेवटचा झाला. एवढा सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

काका उतरले. त्यांनी वही उघडली, घड्याळ बघितलं आणि लिहिलं, शुक्रवार, अकरा दहा, सहा. पुढं सवयीनं त्यांनी फैरी असं लिहिलं होतं. ते खोडून बार असं केलं. मग कोंडिबासमोर जाऊन हात जोडले आणि म्हणाले, "माझी चूक झाली. मी न बघता लिहिलं." त्याच दुपारी ते स्वतः पानशेतला उतरले, एकेका हॉटेलात जाऊन त्यांनी काय झालं ते सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून वाडीचं दूध सुरू झालं, आणि बंगल्यालाही एक लिटर जाऊ लागलं.

मॅडमनी तिथंच दगडावर बसून जबाब लिहून घेतला. आवाजाचं कारण काय, म्हणून मला विचारलं. मी सांगितलं की मिक्श्चर पातळ झालंय आणि पॅकिंग जळलंय, गाडी जुनी आहे. त्यांनी मान वर केली.

"मग आधी मिस्तरीला दाखवली नव्हती?"

हा प्रश्न मला होता की कोंडिबाला, ते कळलं नाही. मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी कोंडिबा बोलला.

"न्हाई, मॅडम. म्याच येळेवर दावली न्हाई."

मॅडमनी तसं लिहिलं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. मी सही केली. ज्यानं सहा बार ऐकून सगळ्यांसमोर चूक कबूल केली तो माणूस माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता, आणि मी खाली मान घालून माझं नाव लिहीत होतो, नेहमीपेक्षा बारीक अक्षरात. नंतर मी पॅकिंग बदललं, स्क्रू त्याच्या जागी आणला आणि संध्याकाळच्या एसटीनं घरी आलो.

त्यानंतर मी दुसऱ्याच्या तक्रारीला कानातला वारा म्हणालो नाही. उतारावरची तक्रार असली तर उतारावर गेलो, पुलावरची असली तर पुलावर. वरंध्याच्या घाटात एकाच्या गाडीमागं दोन तास बसून राहिलो आहे. लोकांना वाटायचं, म्हातारा फिरायला येतो. पण त्या सहीचं काही करता आलं नाही. कोंडिबा बहिणीकडं आला की भेटायचा, खरवस आणायचा, आणि मी दरवेळी सांगू म्हणून राहून जायचं.

गॅरेज बंद केल्यावर, यंदा पाऊस उघडल्यावर, मी वाडीवर गेलो. कोंडिबा आता दूध टेम्पोनं पाठवतो. अंगणात घोंगडीवर बसलो आणि मी सगळं सांगून टाकलं. अर्ध्या आट्यानं भागत असताना फुशारकीसाठी पाव आटा जास्त घेतला ते. फिल्टर झटकून वेळ मारून नेली ते. जबाबाच्या वेळी गप्प बसलो ते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मला तवाच ठावं हुतं, मिस्तरी," तो म्हणाला. "तुमी स्क्रू भाईर काढायला लागला तवाच कळलं. पर तुमी पयल्यांदा आमच्या घरी आला हुता. घरी आल्याल्या मानसाचं नाव कागदात कसं घालायचं?"

तेवढ्यात मागून भांड्याचा आवाज आला. ठकाबाई चहाचे पेले घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मला न्हवतं ठावं," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी आणलेला पेला घेऊन परत आत गेली.

कोंडिबा त्याचा चहा प्यायला लागला. मी घोंगडीची दशी चाळत बसलो. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली आणि पेला माझ्यासमोर ठेवला. चहा बिनसाखरेचा होता. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.